चेकरच्या ओट्यावरून

आई, तू पुसायला सांगितलेला तो पिच्चर मी अजून पुसलेला नाही.

सीडी मोडली होती, ते खरं. तुझ्यासमोर, स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसून दोन्ही हातांनी वाकवून मोडली. तिचा एक तुकडा चुलीपाशी उडाला आणि कुणाच्या पायाला लागू नये म्हणून तू तो उचलून नीट बाजूला ठेवलास. तुला वाटलं, संपलं. तसं वाटावं म्हणूनच मी मोडली होती. पण पिच्चर सीडीत नसतो गं, सीडीत त्याची एक नक्कल असते. मूळ माझ्या कॉम्प्युटरमध्ये होतं. तिथून ते दुसऱ्या कॉम्प्युटरमध्ये गेलं, मग तिसऱ्या, आणि आज बेळगावात माझ्या टेबलावरच्या लॅपटॉपमध्ये आहे. तू जाऊन इतकी वर्षं झाली की तुझ्या लुगड्यांच्या गोधड्याही विरल्या, पण त्या सात मिनिटांना काही झालेलं नाही.

आता आमच्या विभागाच्या सरांना तो पिच्चर कॉलेजच्या चॅनेलवर टाकायचा आहे. नवे प्रवेश सुरू होतील, त्याआधी आमच्या मॅडमनी शिकत असताना केलेलं काम म्हणून लोकांना दाखवायचा आहे. सोमवारपर्यंत फाइल द्या म्हणालेत. चॅनेल म्हणजे काय ते तुला सांगायचं तर असं, की एकदा तिथं चढवलं की आपल्या निपाणीतल्या शेजारणीपासून सातासमुद्रापलीकडच्या माणसापर्यंत कुणीही बघावं, कुणीही उतरवून घ्यावं. मग मी उद्या म्हटलं की पुसा, तरी ते पुसलं जाणार नाही. आज शनिवार आहे. दुपारपासून मी दार लावून बसले आहे, सरांचा दोनदा फोन येऊन गेला, आणि मी तो उचललेला नाही.

मी काय शिकवते हे तू असताना मला तुला धड सांगता आलं नाही. तू सगळ्यांना सांगायचीस, "लेक पिच्चरचं शिकिवतीया," आणि तुझ्या कारखान्यातल्या बायकांना वाटायचं, मी नाच शिकवते. कॅमेरा खाली ठेवून वर बघितलं की माणूस मोठा दिसतो आणि वरून खाली बघितलं की तोच माणूस बारका होतो, हे मी शिकवते. माणूस दिसण्याआधी त्याचा आवाज ऐकू आला की बघणाऱ्याच्या पोटात गोळा येतो, हे शिकवते. फळ्यावर आकृत्या काढते. मुलं मान डोलावतात, वहीत उतरवून घेतात आणि परीक्षेपर्यंत विसरतात. मग मी त्यांना बिडी कारखान्यातला चेकर सांगते, आणि तो मात्र कुणी विसरत नाही.

मी सहा-सात वर्षांची आहे. शाळेला सुट्टी आहे म्हणून कारखान्याच्या लांब खोलीत तुझ्या मांडीला मांडी लावून बसले आहे. वर पत्रा, खाली शहाबादी फरशी, आणि दोन्ही भिंतींना टेकून बायकांच्या रांगा. प्रत्येकीच्या मांडीवर सूप, सुपात पानं, ती कापायची कात्री आणि तंबाखू. मी शिंकते आणि बायका हसतात. तू न बघता बिडी वळतेस, कारण तुझं तोंड दुसऱ्याच कामात आहे; कुणाची सासू, कुणाचा जावई, कुणाच्या घरात काय शिजलं, सगळ्याचा निकाल तू लावतेस. तुझा आवाज खोलीत सगळ्यांत मोठा आहे. आणि मग बाहेरच्या बोळातून करकर ऐकू येते. चेकरच्या पायात कापशी चपला आहेत, नव्या, तेल न पाजलेल्या, आणि त्या प्रत्येक पावलाला वाजतात. तो अजून दिसलेला नाही, पण पहिल्या रांगेतला आवाज विझतो, मग दुसऱ्या, मग तुझा, अर्ध्या वाक्यावर. चपला दाराशी येईपर्यंत खोलीत फक्त कात्र्यांचा आवाज उरलेला असतो.

खोलीच्या टोकाला सिमेंटचा ओटा आहे, मोठ्या माणसाच्या कमरेइतका उंच. चेकर त्यावर चढून बसतो. एकेक बाई जाते आणि दोन्ही हातांनी सूप वर धरते. तो बिड्यांची एक जुडी, म्हणजे कट्टा, उचलतो, अंगठ्यानं दाबून बघतो, पसंत न पडलेली बिडी मोडतो आणि खाली टाकतो. त्याला छाट म्हणतात. कधी दोन जातात, कधी ओंजळभर, आणि का गेल्या हे विचारायचं नसतं. तुझा नंबर येतो तेव्हा मीही तुझ्या मागे येते. मला तिथून त्याच्या चपलांचे तळवे दिसतात, मग गुडघे, मग हनुवटी, नाकपुड्या, आणि त्याच्याही वर पत्रा. मी तुझं तोंड बघायला मान वळवते आणि तुझा एक हात सूप सोडून माझ्या डोक्यावर येतो, दाबतो. "मान खाली घाल," तू पुटपुटतेस. "वर बघू नगं." मी फरशीवर पडलेल्या बिड्या बघत उभी राहते. पुढं लो अँगलवर, म्हणजे खालून वर बघण्यावर, मी कितीतरी पुस्तकं वाचली, पण ती लिहिणाऱ्यांच्या डोक्यावर असा कुणाचा हात नसावा.

घरी आल्यावर तू वेगळी बाई व्हायचीस. खर्डा वाटून झाला की पदर खोचून चुलीशेजारच्या कट्ट्यावर चढायचीस आणि चेकर व्हायचीस. नाक फुगवून, अंगठा वर धरून तू माझी भाकरी तपासायचीस, "ही करपलीया, छाट!" म्हणून ती दुरडीत टाकायचीस, आणि मी पोट धरून हसायचे. आप्पा म्हणायचे, अगं उतर, पडशील. तू त्यांचंही ताट तपासायचीस. मी ज्यांना ज्यांना नक्कल करताना बघितलं आहे, त्यात तुझ्या तोडीचं कुणी नव्हतं, आणि हे मी लेक म्हणून सांगत नाही, मला आता त्यातलं कळतं म्हणून सांगते.

आणि पिच्चरचं पहिलं शिक्षणही तुझंच. कारखान्याच्या सुट्टीला तू मला टॉकीजमध्ये न्यायचीस, दुपारच्या खेळाला, बाकड्यांच्या रांगेत. एकदा कुठल्याशा पिच्चरमध्ये एक बाई रिकाम्या घरात जिना चढत होती आणि मी घाबरून डोळे झाकून घेतले. तू माझे हात डोळ्यांवरून ओढलेस आणि कानांवर ठेवलेस. "डोळं कशाला झाकतीस? कान झाक. भ्या कानातनं येतंय." मी कान झाकले, डोळे उघडले, आणि पडद्यावर एक बाई नुसती जिना चढत होती. एवढंच. मला हसू आलं. आज मी वर्गात आवाज बंद करून हेच करून दाखवते, मुलं चकित होतात, आणि हे मला कुणी शिकवलं ते मी त्यांना सांगत नाही. संदर्भग्रंथांच्या यादीत तुला कुठं घालायचं हे मला कधी सुचलं नाही.

कोल्हापुरात माझा कोर्स संपत आला तेव्हा शेवटचं काम म्हणून सात मिनिटांचा पिच्चर करायचा होता. माझ्याबरोबरचे कुणी नदीवर, कुणी म्हाताऱ्या शाहिरावर करत होते. मी म्हटलं, माझ्याकडे चेकर आहे. परवानगी तू काढलीस. त्यासाठी तू चेकरला चार वेळा जाऊन विचारलंस, तिसऱ्यांदा तो म्हणाला, बघू, आणि चौथ्यांदा म्हणाला, तासाभरात उरका, मी बाहेर बसतो. हे चार वेळा विचारणं म्हणजे काय, हे मला त्या वेळी कळलं नाही. मी खोलीत फिरून कॅमेरा कुठून लावायचा ते बघत होते. रांगा लांब होत्या, उजेड एकाच बाजूनं होता, आणि सगळी खोली एका नजरेत येईल अशी जागा एकच होती. मी ओट्यावर चढले. वरून बायका सुपांसकट किती व्यवस्थित दिसत होत्या! मला इतका आनंद झाला की मी मोठ्यानं "वा!" म्हणाले.

पिच्चरला नुसता चित्राचा उपयोग नसतो, खोलीचा रिकामा आवाजही लागतो. कुणी बोलत नसताना त्या जागेचा जो आवाज असतो तो मिनिटभर टिपून ठेवायचा असतो, मग जोडताना तो कामाला येतो. तुमच्या खोलीत मात्र मिनिटभर कुणी गप्प बसेल तर शपथ. बायका हसत होत्या, केस सारखे करत होत्या, तू तर सगळ्यांना सूचना देत होतीस. तासातली चाळीस मिनिटं गेली होती. माझं डोकं फिरलं. मी ओट्यावरून ओरडले, "सगळ्यांनी गप्प बसा! एकीचाही आवाज नको!" आणि खोली गप्प झाली. पहिली रांग, मग दुसरी, मग तू. मी कानाला हेडफोन लावला, कात्र्यांचा आवाज इतका स्वच्छ आला की मला धन्य वाटलं. मग मी कॅमेरा तुझ्यावर नेला आणि त्याच आवाजात म्हणाले, "मान वर कर." तू मान वर केलीस. सूप दोन्ही हातांनी थोडं उचललंस. आणि म्हणालीस, "व्हय मालक."

सवयीनं गेलं तुझ्या तोंडून. तीस वर्षं त्या दिशेनं आलेल्या आवाजाला तू तेच उत्तर दिलं होतंस. मला ते कॅमेऱ्याच्या बारक्या पडद्यात दिसलं. डोळे किंचित मोठे, ओठ घट्ट, कपाळावर काहीतरी थांबलेलं. मला वाटायला हवं होतं ते वाटलं नाही. मला वाटलं, मिळालं.

मग बाहेर जाऊन मी चेकरला विनंती केली की जरा बोळातून चालून दाखवा, आणि त्याच्या चपलांची करकर वेगळी टिपून घेतली. तो चहाचा कप हातात धरून चालला. घरी आल्यावर मी जोडकाम केलं ते असं: काळा पडदा, त्यावर लांबून करकर, मग बायकांचे हात थांबतात, करकर जवळ येते, थांबते, आणि तू वर बघतेस. चेकर पूर्ण पिच्चरमध्ये कुठंच दिसत नाही. बाहेरून आलेले परीक्षक म्हणाले, न दाखवता दाखवलंत. मग त्यांनी विचारलं, "ते 'व्हय मालक' कुणी लिहिलं?" मी म्हणाले, "मी." त्या कामाला पहिला नंबर मिळाला, आणि त्याच्याच जोरावर मला बेळगावची ही नोकरी लागली.

तुला दाखवला तो दिवस आठवतो. शेजारच्या काकूंच्या टीव्हीला सीडीचं मशीन जोडलं होतं. तुझ्या कारखान्यातल्या सहा बायका आल्या होत्या, नवी पातळं नेसून, कारण पिच्चरमध्ये आपण दिसणार. सात मिनिटं झाली. एक म्हणाली, "बरं हाय की." दुसरी म्हणाली, तिला गिरणीत जायचंय. चहा तसाच ठेवून त्या गेल्या. तू घरात येऊन भाकऱ्या थापायला बसलीस, माझ्याकडे पाठ करून.

"कसा वाटला, आई?"

"पूस त्ये."

"का गं? एवढं नाव झालंय त्याचं."

"मी अशी हाय व्हय गं?"

मी शिकलेली लेक. मी तुला समजावलं. "ते तुझ्यावर न्हाय गं. तुमच्यावर किती अन्याय हुतोय त्ये दावलंय. वरनं घेतलं की माणूस दबल्यागत दिसतंय. बघणाऱ्याला चीड यावी म्हणून."

तू भाकरी तव्यावर टाकलीस, तिला पाणी लावलंस. तुझा हात नेहमीसारखाच चालत होता. "दबल्यागत दिसतंय, व्हय. पर वर हुतं कोण हुबं? चेकर तर बाहीर च्या पीत हुता."

तू भाकरी उलटलीस.

"तीस वरसं म्या त्याच्या म्होरं तसं त्वांड केलं. पोटासाठनं केलं. घरात आणलं न्हाय कवा. तुलाबी कवा दिसू दिलं न्हवतं. आता टीव्हीवर लावलंस, समद्यांस्नी दावलंस." आणि मग, भाकरी तव्यावरून काढत, "बायकास्नी गप केलंस तू. त्यो आला की हुत्यात, तशा झाल्या त्या."

तेव्हा मला तो डोक्यावरचा हात आठवला. इतकी वर्षं मला वाटत होतं, चेकरकडे बघू नये म्हणून तू माझी मान दाबायचीस. मी चेकरकडे बघत नव्हतेच गं. मी तुझं तोंड बघायला वळले होते.

मग मी सीडी मोडली, आणि तू तुकडा उचलून ठेवलास. दुसऱ्या दिवशी कारखान्यात सगळ्यांना सांगितलंस, लेकीनं पुसलं म्हणून. बायका पुन्हा घरी यायला लागल्या. माझ्यावर कुणी राग धरला नाही, आणि तेच मला जड गेलं. तुम्ही चिडला असतात तर मी भांडून तरी मोकळी झाले असते.

त्यानंतर तू कॅमेऱ्यासमोर आली नाहीस. मावशीच्या मुलीच्या लग्नात व्हिडिओवाल्याचा दिवा फिरत आला की तू उठून वाढायला जायचीस. माझ्याकडे फोन आला, त्यात कॅमेरा होता. मी तो नुसता हातात घेतला तरी तुझं बोलणं थांबायचं, म्हणून मी तुझ्यासमोर फोन पिशवीतून काढणंच सोडलं. रेशन कार्डावरचा एक फोटो आहे, आणि माझ्या लग्नातला एक, त्यात तू खाली बघतेस. हलती, बोलती अशी तू जगात एकाच जागी आहेस, त्या ओट्याखाली, आणि तुझ्या तोंडात दोनच शब्द आहेत. शेवटी तुझ्या छातीनं दगा दिला आणि तुला बेळगावला आणलं, तेव्हा दवाखान्यात तू मला विचारलंस, "त्ये पुसलंस न्हवं?" मी म्हटलं, "व्हय, तवाच की." तू म्हणालीस, "बरं केलंस." मग डाव्या कुशीवर वळलीस. त्यानंतर आपण फक्त औषधांबद्दल बोललो.

तुला फसवून ठेवलेला तो पिच्चर मी दरवर्षी वर्गात दाखवला. आधी वाटलं, तू नाहीस, आता कुणाला दुखणार? मग सवय झाली. दिवे घालवायचे, करकर सुरू करायची, आणि मुलांचे श्वास अडकलेले अंधारात ऐकायचे. दरवर्षी बरोबर त्याच जागी अडकतात. मला त्याचं बरं वाटायचं, हे लपवत नाही. ही बाई कोण आहे हे मी कधी सांगितलं नाही. एक कामगार स्त्री, असं म्हणते.

या वर्षी बोरगावची एक मुलगी आहे, पहिल्या बाकावर बसते. दिवे लागले आणि तिनं हात वर केला. "मॅडम, चेकर कुठंच दिसत न्हाय. मग त्या बाई बघत्यात कुणाकडं?"

"न दिसणं हीच त्याची ताकद," मी म्हणाले. हे वाक्य मी दरवर्षी म्हणते.

"त्ये कळलं, मॅडम. पण त्या कॅमेऱ्याकडंच बघत्यात न्हवं? म्हणजे कॅमेरा धरलाय त्याला भ्याल्यात."

वर्ग हसला. मी म्हणाले की कॅमेरा इथं व्यवस्थेच्या जागी उभा आहे. तिनं ते वहीत लिहून घेतलं, शब्द न शब्द, आणि मला तिच्या हातातलं पेन काढून घ्यावंसं वाटलं. तास संपल्यावर ती टेबलापाशी आली. म्हणाली, तिची आज्जीपण बिड्या वळायची. "पण ती अशी न्हवती, मॅडम. लई त्वांडाळ. आमाला शिव्याच द्यायची." आणि आज्जीच्या आठवणीनं ती हसली. तिच्याकडे आज्जीच्या शिव्या आहेत. मी पंख्याची बटणं बंद केली आणि सरांच्या खोलीत गेले, तर सर म्हणाले, बरं झालं आलात, तुमच्या त्या फिल्मबद्दल बोलायचं होतं.

म्हणून आज दुपारी मी लॅपटॉप टीव्हीला जोडला. मला एक खुळं सुचलं होतं. टीव्ही भिंतीवर वर आहे. मी त्याच्याखाली फरशीवर बसले, पार भिंतीजवळ, मान मागे टाकून. म्हटलं, आता तरी तू वर आणि मी खाली. करकर झाली, हात थांबले, तू मान वर केलीस, आणि माझ्याकडे खालून बघितलंस. मी सरकून डावीकडे बसले, तरी माझ्याकडेच. स्वयंपाकघराच्या दारातून बघितलं, तरी माझ्याकडेच. हे मला ठाऊक असायला हवं होतं, मी हे शिकवते. कॅमेऱ्याच्या भिंगात बघणारा पडद्यावरचा माणूस, खोलीत कुठूनही बघितलं तरी आपल्याकडेच बघतो. कॅमेरा त्या दिवशी जिथं होता तिथंच बघणाऱ्यानं कायमचं उभं राहायचं. त्या ओट्याला चढायला पायरी होती. उतरायला कुठं आहे ते मला सापडत नाही.

सोमवारी मी सरांना सांगणार आहे की फाइल खराब झाली, उघडत नाही. तुला खोटं सांगितलं तसं त्यांनाही सांगेन. मला ते चांगलं जमतं. वर्गातही दाखवणार नाही आता, ती बोरगावची मुलगी पहिल्या बाकावर असताना तर नाहीच. पण पुसणार नाही. पुसलं तर मान वर करणारी तू जाशील, आणि मग मला तुझा आवाज कुठून आणायचा? रागव हवं तर. भीती होती त्या तोंडावर, माझीच होती, तरी ते तोंड तुझं आहे गं, आणि माझ्याकडे दुसरं नाही.

हे पत्र तुला मिळायचं नाही. आणि तू असतीस तरी तुला वाचता येत नव्हतं, मलाच समोर बसून वाचून दाखवावं लागलं असतं. मी वाचलंही असतं. फक्त एक गोष्ट गाळून पुढं गेले असते.

मी त्या दिवशी ओट्यावर चढून पहिल्यांदा कॅमेरा सुरू केला तेव्हा कुणाला गप्प बस म्हटलं नव्हतं. मी साधं म्हटलं होतं, "आई, इकडं बघ." तू वर बघितलंस, मला तिथं उभी बघून सूप खाली ठेवलंस, मोठ्यानं हसलीस आणि सगळ्या खोलीला ओरडून म्हणालीस, "आगं बघा गं, माझी लेक चेकर झाली!" आणि अख्खी खोली हसली. तुझे सगळे दात दिसत होते. अर्धं-पाऊण मिनिट ते चित्र कॅमेऱ्यात आलं होतं, आवाजासकट. मला ते नको होतं. कार्डात जागा कमी होती, म्हणून तिथंच ओट्यावर उभ्या उभ्या मी ते पुसलं.